श्रीपतचा त

येसूबाईचा फोन नंबर तुम्ही बाहेर दिलात. विकलात, फुकट वाटलात, की टेबलावर उघडा टाकून चहाला गेलात, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. पण गेला तो तुमच्याकडूनच. तुमच्या कार्यालयाचं नाव मी इथे घेत नाही. येसूबाईसुद्धा नवऱ्याचं नाव घेत नाही, पण ती मानानं घेत नाही. तुमच्या बाबतीत तसा गैरसमज करून घेऊ नका.

आता ऐका. जेवणाची सुट्टी झाल्यावर या, असं तुम्ही आम्हाला सांगता. मी तसं सांगणार नाही. आत्ताच ऐका.

तुडीलच्या बौद्धवाडीत माझं आणि येसूबाईचं घर एकाच भिंतीचं. अलीकडे माझं शिलाई मशीन, पलीकडे तिची चूल. मी तिला काकी म्हणते. तिचा नवरा श्रीपतकाका गवंडी होता. महाडपासून वर कुडपणपर्यंत त्याच्या हातची घरं आहेत. कुडपणला धुक्यात प्लास्टर लवकर सुकत नाही, म्हणून तिथलं काम घेतलं की काका मुक्कामालाच असायचा. एकदा तिथल्या काशीरामांच्या कामातलं उरलेलं अर्धं पोतं सिमेंट चुकून त्याच्या सामानातून खाली आलं. ते परत द्यायला हा माणूस पोलादपूरला जाऊन, पुढची गाडी धरून वर गेला. एसटीत पोत्याचंही तिकीट काढलं. काकी आठवडाभर बोलली नाही त्याच्याशी. मग स्वतःच हसली, म्हणाली, "सिमेंट फिरवून आनलंन. देवदर्शन झालं त्याला."

काकाची एक सवय होती. भिंत ओली असतानाच करणीच्या, म्हणजे गवंड्याच्या थापीच्या, टोकानं तो आपलं नाव कोरायचा. लोकांच्या घरी दाराआड, कोणाला दिसू नये अशा जागी. श्रीपत. रात्रशाळेत तो तेवढंच नीट शिकला होता, पण काय शिकला होता. शेवटच्या त ची काठी तो खाली लांब सोडायचा, ओळंबा सोडल्यासारखी सरळ. स्वतःच्या घरात मात्र त्यानं नाव दाराआड नाही कोरलं. चुलीशेजारी कोरलं, काकी बसते तिथून हात पोचेल इतक्या उंचीवर. का, ते तो बोलला नाही.

काकीला वाचता येत नाही. नवऱ्याचं नाव ती तोंडानं घेत नाही. अश्वजित तिचा मुलगा, एमआयडीसीत कामाला आहे, तो चिडवायचा, "आये, बाबासाहेबांनी सगळं सोडायला सांगितलं, तू हे एवढं का धरून ठेवलंस गो?" ती म्हणायची, "ते सोडायचं तर कोनी सांगितलं नाय. माझं मी धरलंय." पण तांदळाच्या भाकऱ्या थापून झाल्या की पिठाचं बोट ती त्या त वर टेकवायची. रोज. इतकी वर्षं, की त्या अक्षराची खाच पिठानं भरून पांढरी झाली. सबंध भिंत धुरानं काळी, आणि त पांढरा.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी काका गेला. छातीत कळ आली आणि महाडला नेईपर्यंत संपलं.

मग आम्ही तुमच्या दारात आलो. कामगाराच्या मागे बायकोला काही मदत मिळते म्हणे. अश्वजित, मी आणि काकी. तुमचा निरोप वेळेवर कळावा म्हणून अश्वजितनं त्याच आठवड्यात तिला बटणाचा साधा फोन घेऊन दिला, नवीन कार्ड घालून. तो नंबर आम्हा दोघांकडे होता आणि आमच्याखेरीज फक्त तुमच्याकडे. तुमच्या माणसानं सगळं कॉम्प्युटरवर घेतलं आणि कागद काढून दिला. काकीनं तो हातात घेतला. नावाच्या ओळीवर मी बोट ठेवलं. तिनं ते अक्षर बराच वेळ बघितलं.

"ह्ये ते नाय," ती म्हणाली.

"आजी, वाचता येतं का?" तुमच्या माणसानं विचारलं.

"नाय येत. पन शेवटच्याला काठी नाय."

मी वाचलं. श्रीपाद. आधार कार्डावर श्रीपत, पासबुकावर श्रीपत, रेशन कार्डावर श्रीपत, आणि तुमच्या कागदावर श्रीपाद. मी दाखवलं तेव्हा तुमचा माणूस हसून काय म्हणाला, आठवतं का? "श्रीपाद काय नि श्रीपत काय, माणूस तर गेलाच ना."

ह्या वाक्याबद्दल मी तुम्हाला नंतर कधीतरी वेगळं गाठीन.

आम्ही दुरुस्तीसाठी पुन्हा आलो. साहेब मीटिंगला. पुन्हा आलो. मशीन बंद. काकी परतताना मिनीडोअर रिक्षात म्हणायची, "जाऊदे गो शर्मिला. कागदावरचा तो श्रीपाद कोन मेला तो मेला. माझ्या मानसाचं नाव भिंतीवर हाय." श्रीपाद हे नाव मात्र ती बिनधास्त घ्यायची. ते तिच्या नवऱ्याचं नव्हतंच ना.

ह्या मार्चच्या सुरुवातीला मी ताक मागायला तिच्याकडे गेले, तर चुलीशेजारच्या भिंतीवर सूप टांगलेलं. बरोबर नावावर.

"काकी, सूप इथं कशाला?"

"जागा नाय दुसरी."

दुसऱ्या भिंतीला तीन खुंट्या मोकळ्या होत्या. ती भाकऱ्या थापत होती. थापून झाल्या. हात तिनं पदराला पुसला.

मला ते लागलं. नवरा गेल्यावर रडली तेव्हासुद्धा ती भिंतीशी रडली होती. आता भिंतीकडे पाठ करून बसली होती. मी विचारलं, "वीस तारखेची तयारी कधी करायची? रांजण धुवायचे ना?"

वीस मार्चला महाडला चवदार तळ्यावर माणसांचा पूर येतो. विदर्भातून, मराठवाड्यातून, कुठून कुठून. काका आणि काकी दरवर्षी तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन रांजण मांडायचे आणि दिवसभर पाणी द्यायचे. काकाचा नियम एकच, पाणी देताना कोणाला नाव विचारायचं नाही. यंदा काका नसताना पहिली वीस तारीख. आम्ही सगळ्या बायकांनी ठरवलं होतं की काकीच्या हातानं मांडायचं.

"यंदा नाय मांडायचं," काकी म्हणाली.

"का गो?"

"नाय म्हंजे नाय."

दोन दिवसांनी ती माझ्याकडे आली. मी ब्लाउजला हुक लावत होते. पदराच्या गाठीत नोटा होत्या. रांजणाच्या जागेसाठी, टेम्पोसाठी, पाहुण्यांच्या भातासाठी वर्षभर बाजूला टाकलेले पैसे, ते मी ओळखले. म्हणाली, "शर्मिला, तुझ्या फोनवरनं पैसे जातात ना? एका मानसाला पाठवायचे. आनि अश्वजितला बोलायचं नाय."

"कोणाला?"

"तू पाठव ना गो. इचारतेस काय?"

"काकी, मी मशीनवर बसते, बँकेत नाय. कोणाला पाठवते हे कळल्याशिवाय माझं बोट हलणार नाय."

ती उंबऱ्यावर बसली. बाहेरच्या कोंबड्यांना हाकललं. मग हळू म्हणाली, "अश्वजितच्या बानं कर्ज काढलेलं."

मी ब्लाउज बाजूला ठेवला.

"फोन येतो. वसुलीवाल्याचा. बोलतो, तुमच्या मिस्टरांनी कर्ज काढलं, फेडलं नाय, आता केस झालीय. आज अर्धे भरा नायतर पोलीस दारात येतील. पोराच्या कंपनीत फोन करीन बोलतो. पोराची नोकरी जाईल. कोनाला सांगितलंस तर अजून वाढंल."

"आणि तू विश्वास ठेवलास? काकानं? ज्यानं सिमेंटला तिकीट काढलं, त्यानं?"

"मी पन पयल्यांदा बोलली, माझा मानूस असा नाय. पन शर्मिला, त्याला सगळं ठावं हाय गो. कधी गेले ते ठावं हाय. पोराचं नाव ठावं हाय." ती थांबली. "पैशाचं काय नाय. पैसे येतील जातील. पन मला सांगितलं नाय त्यांनी. चुलीशेजारी बसून एका ताटात जेवायचो, आनि पोटात एवढं ठेवून जेवायचे? कुठं लावले असतील पैसे? कोनाला दिले असतील? रात रात तेच डोक्यात." तिनं डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "आनि कर्ज बुडवनाऱ्याच्या घरचं पानी लोकांना कुठल्या तोंडानं द्यायचं?"

आता कळलं का तुम्हाला तुम्ही काय केलंत? पैसे चोरणारे चोर असतात, त्यांचं काम ते करतात. तुम्ही त्यांच्या हातात एक मेलेला माणूस दिलात. त्याच्या बायकोच्या मनात तो दुसऱ्यांदा मेला, आणि ह्या वेळी वाईट मेला.

मला काकीला कवटाळावंसं वाटत होतं आणि कोणालातरी चपलेनं मारावंसंही वाटत होतं. दोन्ही एकदम करता येत नाही. मी तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसले.

"काकी, फसवणारे असतात असे. मेलेल्या माणसाचं नाव सांगतात. तुडीलमधलं कोणीपण पोरगं सांगेल काकाचं नाव."

"नाय गो," ती म्हणाली, "तेच तर. गावातलं नाव सांगितलं असतं तर मी बोलली असती, चल, लबाड हायस. पन तो कागदातलं नाव बोलला. श्रीपाद बोलला. म्हंजे त्याच्याकडं कागद हाय. सरकारी हाय."

मी तिचा हात धरला.

"काय बोलला?"

"श्रीपाद. दरवेळी तेच बोलतो."

"काकी, आधार कार्डावर काय आहे?"

"ते बरोबर हाय. काठी हाय."

"पासबुकावर?"

"काठी हाय."

"रेशन कार्डावर?"

"हाय ना गो. इचारतेस काय लहान पोरासारखी?"

"मग कर्ज काढायला काका गेला असता, तर त्यानं काय दाखवलं असतं? आधार. पासबुक. तिथं सगळीकडे काठी. मग श्रीपाद कुठं आहे? सगळ्या दुनियेत एकाच ठिकाणी आहे."

काकीनं बोटांवर कागद मोजले. ओठ हलले. मग म्हणाली, "त्या हापिसात."

"फक्त त्या हापिसात."

"म्हंजे कर्ज हापिसानं काढलं?"

मला हसू आलं, इतक्या सगळ्यात. "नाय गो काकी. नाव हापिसातनं बाहेर गेलं. तुझा नंबर, काका गेल्याची तारीख, अश्वजितचं नाव, सगळं त्याच कागदावर होतं. ह्याला काका ठाऊक नाय. ह्याला तुझा तो कागद ठाऊक आहे."

पदराची गाठ तिनं पुन्हा घट्ट बांधली.

आम्ही बसून होतो तोवरच फोन वाजला. असे लोक वेळ देत नाहीत, कारण वेळ मिळाला की माणूस विचार करतं, शेजारी जाऊन बसतं. मी स्पीकर लावला.

"हां, येसूबाई, पेमेंट का क्या हुआ? सकाळपासून वाट बघतोय मी."

"नमस्कार," मी म्हटलं. "मी त्यांची शेजारीण."

"तुम्हाला कोणी फोन दिला? ये कॉन्फिडेन्शियल मॅटर है. येसूबाईंना द्या."

"इथंच आहेत, ऐकतायत. कर्ज कोणत्या कंपनीचं?"

"वसुली विभागातून बोलतोय."

"विभागाला कंपनीचं नाव असेल ना."

"मॅडम, ज्यादा सवाल मत करो. केस नंबर आहे माझ्याकडे."

"बरं. मग काय ते लेखी पाठवा. पोस्टानं पाठवा, पत्ता आहेच तुमच्याकडे."

"पत्ता कन्फर्म करा."

"मी का करू? कर्ज तुम्ही दिलंत. घर बघूनच दिलं असेल."

पलीकडे कोणीतरी मागे बोलल्याचा आवाज आला. मग हा चढ्या आवाजात सुरू झाला. संध्याकाळी पोलीस. वॉरंट. पोराची कंपनी. घराला नोटीस. मी म्हटलं, "या. महाडवरून मिनीडोअर मिळते. चहा टाकते."

"हसता काय? श्रीपादने साइन किया है. साइन है मेरे पास. श्रीपाद फ्रॉड होता, तुमचा श्रीपाद चोर होता, समझे?"

काकीनं हात पुढे केला आणि फोन माझ्याकडून घेतला. तो तिनं कानाला नाही लावला. तोंडासमोर धरला, आरशासारखा.

"सही बघितलीस तू?" तिनं विचारलं.

"हां, समोर आहे."

"शेवटच्या अक्षराची काठी केवढी हाय?"

"क्या?"

"काठी. खाली किती लांब हाय?"

"क्या काठी? श्रीपाद लिहिलंय, बस."

"तो श्रीपाद कोन हाय त्याच्याकडनं घे पैसे," काकी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. भाकरी थापताना बोलते तसाच होता. मग ती थांबली. "माझ्या नवऱ्याचं नाव श्रीपत. श्रीपत व्हतं. श्रीपतनं चहाची उधारी ठेवली नाय कधी. परत त्याला चोर बोललास तर जिथं असशील तिथं येऊन करणीनं तुझं थोबाड लिंपीन."

आणि तिनं फोन बंद केला. बटण नीट दाबलं गेलं का, ते दोनदा बघितलं.

मी इतक्या वर्षांत ते नाव तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिनंही ऐकलं नसावं. ती लाजली, खरंच लाजली, नव्या नवरीसारखी. म्हणाली, "घेतलं गो मी."

"घेतलंस. तीनदा घेतलंस."

"ऐकलं असंल का त्यांनी?"

"काका ऐकणारच. आवाज केवढा होता."

"मोठा नव्हता," ती म्हणाली. "हळूच बोलली मी."

मग ती रडली. माझ्या अंगावर टेकून, मोकळं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बाहेर कोंबड्यांनी माझ्या ब्लाउजच्या चिंध्यांचा पसारा केला, करू दिला.

संध्याकाळी अश्वजित पाळी संपवून आला. काकीनं त्याला सगळं सांगितलं. तो आधी चिडला, "मला का नाय सांगितलंस? माझ्या कंपनीत फोन आला तर येऊदे, मी काय चोरी केलीय?" मग आई काय काय एकटी सोसत होती ते लक्षात आलं तसा तिच्याजवळ बसला. त्यानं सायबर तक्रारीच्या १९३० नंबरवर फोन केला, त्यांनी तक्रार लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी महाडला जाऊन पोलिसांतही दिली. काकीला सांगितलं, "आये, कोणी फोनवर कर्ज बोलला, घाई केली, कोणाला सांगू नको बोलला, की ठेवायचा फोन. आणि पहिलं मला सांगायचं."

"पयलं शर्मिलाला सांगेन," काकी म्हणाली. "तू ओरडतोस."

रात्रीच्या भाकऱ्यांच्या आधी तिनं भिंतीवरचं सूप काढलं. मी तिच्या दारातून बघत होते, चोरून नाही, दार उघडंच असतं. सूप तिनं दुसऱ्या भिंतीच्या मोकळ्या खुंटीला लावलं. पीठ मळलं, भाकऱ्या थापल्या. मग पिठाचं बोट त वर ठेवलं आणि काठीवरून खाली, अगदी टोकापर्यंत नेलं. काहीतरी पुटपुटली. बहुधा माफी मागितली असेल. बहुधा शिवी दिली असेल, सिमेंटवरून. नवराबायकोचं ते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी रांजण धुवायला काढले.

पोलिसांत तक्रार दिली त्याच दिवशी मी तुमच्याकडे आले होते. तुमचा माणूस म्हणाला, "आमच्याकडून माहिती बाहेर जातच नाही." मी म्हटलं, मग श्रीपाद कोणी सांगितलं? तो म्हणाला, योगायोग असेल. मी म्हटलं, लेखी द्या. तो म्हणाला, साहेब मीटिंगला आहेत.

म्हणून हे सगळं लिहिलं. मी पुन्हा तुमच्या दारात बसणार नाही, आता तुम्ही या. वीस मार्चला तळ्याच्या रस्त्याला दोन रांजण असतील आणि एक म्हातारी बाई पाणी देत असेल. तुमचं नाव ती विचारणार नाही, तो तिच्या नवऱ्याचा नियम आहे. तुम्ही पाणी प्या, तहान भागेल एवढं प्या. पण हात पुसल्यावर तिच्यासमोर उभं राहून दोन गोष्टी सांगा. आमच्या श्रीपतच्या नावाची काठी तुमच्या कागदावर परत कधी लागणार? आणि तो श्रीपाद तुम्ही कोणाला दिलात?